शेजारच्या घराचं नाव

त्या गल्लीत ज्या काही सुधारणा झाल्या त्या काकांच्या तोंडामुळे झाल्या, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. काका नोकरीत असताना बस डेपोत माइकवर बसायचे. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती रद्द झाली, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं अख्ख्या गावाने वर्षानुवर्षं त्यांच्या आवाजात ऐकलं. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, पण आवाज काही सुटला नाही. घरात मीठ मागितलं तरी पलीकडच्या घरातून कोणीतरी वाटी घेऊन यायचं. गल्लीतले लोक तोंडावर 'काका' म्हणत, पाठीमागे 'भोंगा' म्हणत, आणि दोन्ही प्रेमानेच म्हणत.

गल्ली समिती निघाली तेव्हा पालिकेला फोन करायचं काम आपसूकच काकांकडे आलं. समितीचे अध्यक्ष टेलरमास्तर. सभा त्यांच्याच दुकानात, दुकान बंद असायच्या वारी, कापायच्या टेबलाभोवती. पहिल्या वर्षी सगळ्या तक्रारी टेलरमास्तरांच्या नावाने गेल्या. पालिकेतल्या लोकांना ते नाव इतकं पाठ झालं, की ऐकलं की म्हणायचे, आलं याचं रडगाणं, आणि तक्रार बाजूला पडायची. मग समितीने डोकं लढवलं. यापुढे प्रत्येक तक्रार वेगळ्या घराच्या नावाने जाईल. गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करायची, एका बाजूने टोकापर्यंत जायचं, मग दुसऱ्या बाजूने परत. फोन काका करतील, नाव ज्याचा नंबर असेल त्याचं.

यात एक अट होती, आणि ती काकांनीच हट्टाने घालून घेतली होती. नाव देण्याआधी त्या घरी जाऊन विचारायचं. "उद्या कोणी दारात येऊन उभं राहिलं तर आपण काय तक्रार केलीय ते माणसाला ठाऊक नको?" असं ते म्हणाले होते. ती अट त्यांनी अशी पाळली की लोकांना वैताग यावा. एकदा दिवा फुटला आणि नंबर आला शिकवणीवाल्या बाईंचा. बाई भावाकडे गेलेल्या. त्या परत येईपर्यंत काकांनी फोन केला नाही, गल्ली अंधारात ठेचकाळत राहिली, पण काका हलले नाहीत. काका विचारल्याशिवाय नाव देत नाहीत, हे तेव्हापासून गल्लीत पक्कं झालं.

फोनवर मात्र ते मजा करायचे. टेलरमास्तरांच्या नावाने बोलताना नाकातून बोलायचे, पिठाच्या गिरणीवाल्याच्या नावाने बोलताना खोकायचे. बाईमाणसाचं नाव असलं की "त्यांच्या घरून बोलतोय, त्या कामात आहेत" असं सांगायचे. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "नाटकात गेला असतात तर चार पैसे तरी मिळाले असते." पण काम होत होतं. दिवे लागले, कचऱ्याची पेटी शाळेच्या दारातून हलली, पाण्याच्या टाकीपाशी कठडा आला. काकांना गल्लीतून चालताना छाती जरा पुढे काढून चालावंसं वाटायचं. वाटू दे बापडं, त्यात वाईट काही नव्हतं.

वाईट झालं ते पाण्यामुळे. गल्लीच्या कोपऱ्यावर वायरमनचं घर. त्याच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती चाकाच्या खुर्चीला खिळली. घराला तीन उंच पायऱ्या, खुर्ची उतरवायची म्हणजे दोन माणसं हवीत. वायरमनने मग दारापासून रस्त्यापर्यंत स्वतःच्या हाताने सिमेंटचा उतार घातला. मध्ये गटार होतं, त्यावरूनच तो गेला. परवानगी वगैरे कोणी विचारली नाही, आणि गल्लीत कोणाला तसं सुचलंही नाही. आजी खुर्चीतून रस्त्यावर आली, एवढंच सगळ्यांना दिसलं.

तिला चालतं करायचं मनावर घेतलं ते नर्सबाईंनी. नर्सबाई काकांच्या शेजारच्या घरात भाड्याने एकट्या राहत, मोठ्या हॉस्पिटलात कामाला होत्या. सकाळची ड्युटी असली की संध्याकाळी घरी येताना त्या आधी कोपऱ्यावर थांबायच्या. आजींना उतारावरून खाली आणायच्या, समोरच्या कुंपणाची सळई धरायला लावायच्या आणि म्हणायच्या, "माझ्याकडे बघायचं नाही, पायाकडेही बघायचं नाही, त्या खिडकीकडे बघा." आजी खिडकीकडे बघत एक पाऊल टाकायच्या आणि शिव्या घालायच्या. दुसरं टाकायच्या, आणखी शिव्या घालायच्या. लोक गच्चीतून टाळ्या वाजवायचे. पैसे घेतले नाहीत बाईंनी, वायरमनने दिले तर रागावल्या. तो त्यांना ताई म्हणू लागला.

पण त्या उताराखाली गटार तुंबलं, आणि तुंबलेलं पाणी उतारापासून वाहत वाहत येऊन थांबलं ते थेट काकांच्या फाटकाशी. घाण पाणी, वर डासांचं मोहोळ. काकूंनी तिथे विटा टाकल्या आणि साडी सावरत विटांवरून उड्या मारत भाजीला जायला लागल्या. काकांनी वायरमनला एकदा सांगितलं, हसत हसत. "पाणी येतंय रे बाबा आमच्याकडे." तो म्हणाला, "या सुटीला खालून मोकळं करून घेतो, काका." सुटी आली आणि गेली. पुन्हा सांगायला हवं होतं. जरा आवाज चढवून सांगायला हवं होतं, आणि आवाजाची काकांकडे काही ददात नव्हती. पण कोणाच्या तोंडावर वाईट होणं त्यांना जमत नसे. गावाला ओरडून सांगणारा हा माणूस, एका माणसाला समोर उभं करून काही सांगायचं म्हटलं की त्याचा घसा बसायचा.

एका सकाळी ते दूध आणायला निघाले, वीट निसटली आणि पाय घोट्यापर्यंत त्या पाण्यात गेला. घरात आले ते तसेच ओल्या पायाने फोनपाशी गेले. नंबर त्यांचाच होता. त्यांच्या बाजूच्या रांगेत ओळीने येत येत तो त्यांच्याच घरावर आला होता, त्यामुळे विचारायला कोणाकडे जायचंही नव्हतं. तिकडच्या मुलीने नाव विचारलं, त्यांनी आपलं सांगितलं. पाणी कशामुळे तुंबतंय विचारलं, तर डेपोतल्या सवयीने त्यांनी एकेक शब्द स्पष्ट उच्चारून सांगितलं: कोपऱ्यावरच्या घराने गटारावर सिमेंटचा उतार घातला आहे.

तेवढ्यात खिडकीबाहेरून वायरमन स्कूटरवरून गेला. हात वर करून ओरडला, "काय काका, बरंय ना?" काकांनी हात वर केला आणि हसले. हात वर असतानाच ते फोनमध्ये म्हणाले, "अहो, थांबा जरा. ते नाव खोडा. शेजारच्या घराचं लिहा, नर्सबाईंचं. त्यांना मी सांगतो संध्याकाळी."

असं का केलं, याचा हिशेब त्यांनी नंतर शंभर वेळा मांडला. त्या क्षणी एवढंच मनात आलं होतं, की पुढचा नंबर बाईंचाच आहे, नाहीतरी त्यांचंच घर येणार. आणि बाईंवर त्या घरात कोण रागावणार आहे? आजींना हाताला धरून चालवणारी बाई ती. तिचं नाव असलं तर वायरमनला उलट कळेल, की ताई म्हणतेय म्हणजे गटार साफ करायलाच हवं. काकांना ही आपली युक्ती चांगली वाटली होती. खरं सांगायचं तर चांगली वाटली नव्हती, सोयीची वाटली होती.

संध्याकाळी बाई आल्याच नाहीत, जोडून दुसरी ड्युटी लागली होती. दुसऱ्या दिवशी काका सांगायला निघाले आणि मध्येच कोणीतरी भेटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता साफसफाईवाले येऊन गेले की मगच सांगू, दोघं मिळून हसू.

आले ते साफसफाईवाले नव्हते. अतिक्रमण हटवणारी गाडी आली, दुपारी, पुरुषमाणसं कामावर असताना. घण घेतलेली माणसं उतरली. वायरमनची बायको दारात येऊन ओरडत होती आणि आत आजी खुर्चीत बसून प्रत्येक घावाला दचकत होती. मुकादम वाईट माणूस नव्हता, त्याने आपलं सांगायचं म्हणून सांगितलं, "आम्हाला काय बोलता वहिनी, तुमच्या नर्सबाईंची तक्रार आहे." काका फाटकाशी उभे होते. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. विटेवरून खाली उतरावं लागलं असतं. ते तिथेच थांबले.

संध्याकाळी वायरमन बाईंच्या दारात उभा राहिला. गल्ली जमली. त्याने आवाज चढवला नाही, म्हणून ते ऐकायला जास्त वाईट होतं. "संध्याकाळी हाताला धरून चालवायचं आणि सकाळी फोन करून पाडायचं," तो म्हणाला. "मला सांगायचं होतं ना ताई. मी स्वतः फोडला असता."

"मी फोन केला नाही. मला कोणी विचारलंही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी अजून हॉस्पिटलचे पांढरे बूटसुद्धा काढले नव्हते.

मग सगळ्यांनी काकांकडे बघितलं. वायरमन म्हणाला, "काका, तुम्ही सांगा. तुम्ही विचारल्याशिवाय कोणाचं नाव देत नाही. खरं ना?"

ते खरंच होतं. आयुष्यात एकदा सोडून ते खरं होतं. काकांनी बाईंकडे बघितलं. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, अगदी निवांतपणे, आता काका सांगतील आणि हे मिटेल अशा खात्रीने. काका म्हणाले, "हो. मी विचारल्याशिवाय देत नाही."

एवढंच म्हणाले, आणि त्यांचा आवाज तर तुम्हाला माहीत आहे, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बाईंच्या चेहऱ्यावर राग आला नाही. त्यांनी फक्त एकदा मान हलवली, जणू पेशंटचा रिपोर्ट वाचला आणि काय ते कळलं, आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर कोणी बाईंना वाळीत वगैरे टाकलं नाही. तसं उघड कोणी करत नाही. पण त्या आल्या की पायरीवरच्या बायकांना अचानक घरात काम निघायचं. गिरणीवाला त्यांचा डबा शेवटी घ्यायचा. वायरमनच्या घराचं दार त्यांच्यासाठी बंद झालं ते झालंच. त्यांनी दोनदा जाऊन पाहिलं, "आजींचे व्यायाम सोडू नका, पाय आखडतील," एवढं तरी सांगावं म्हणून. वायरमनच्या बायकोने आतूनच सांगितलं, आई झोपल्यात. उतार पुन्हा बांधायला रीतसर परवानगी हवी होती, त्या कामात वायरमनच्या चपला झिजत होत्या. आजी घराबाहेर आल्या नाहीत. काकांच्या फाटकासमोरचं पाणी मात्र गेलं. जमीन कोरडी खडखडीत झाली, आणि रोज सकाळी दूध आणायला जाताना त्या कोरड्या जमिनीवर पाय ठेवणं काकांना पाण्यात पाय घालण्यापेक्षा जड जायला लागलं.

बाईंनी एक गोष्ट सोडली नाही, आणि ती सोडली असती तर काका सुखी झाले असते. दर आठवड्याला त्या काकूंचं ब्लडप्रेशर बघायला यायच्या. पूर्वीसारख्याच. पट्टा बांधायच्या, फुगवायच्या, आकडा सांगायच्या, मीठ कमी खा म्हणायच्या. काका त्या वेळी पेपरात तोंड घालून बसायचे आणि एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचायचे. बाईंनी कधी टोमणा मारला नाही. एकदा तरी मारावा म्हणून काका आतल्या आत तळमळायचे. माणसाने शिवी दिली तर निदान रागावता येतं, इथे तीही सोय नव्हती. जाताना त्या "येते काकू" म्हणायच्या. आधी "येते काका" पण म्हणायच्या, ते तेवढं बंद झालं होतं.

सांगायचं काकांनी अनेकदा ठरवलं. एकदा वायरमनच्या घरापर्यंत गेले, आणि त्याने "या काका, तुमच्यासारखा दुसरा माणूस नाही गल्लीत" म्हणून खुर्ची पुढे केली. त्या खुर्चीत बसून काका हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला होता, "कोण आहे? ताई आल्यात का?" वायरमनने आत जाऊन दार ओढून घेतलं होतं.

मग कळलं, बाई जागा सोडून चालल्या आहेत. हॉस्पिटलजवळ खोली मिळाली होती. काकूंनीच ते सांगितलं, भाजी चिरता चिरता, आणि पुढे म्हणाल्या, "महिनाअखेरीला जाताहेत. त्या गेल्या की तुम्हाला हायसं वाटेल."

"मला कशाला हायसं वाटेल?" काका म्हणाले.

"मी त्या दिवशी स्वयंपाकघरातच होते. खोडा म्हणालात ते ऐकलं मी. बहिरी नाही झालेय अजून."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"तुमच्या तोंडून यावं म्हणून." काकूंनी विळी आडवी केली. "आणि मला लाज वाटत होती. ती बाई माझ्या दंडाला पट्टा बांधते आणि मी तिच्या डोळ्यांत बघू शकत नाही. तुम्ही एकटेच मूग गिळून बसला नव्हतात."

त्या आठवड्यात समितीची सभा होती. वायरमनच्या उताराला परवानगी मिळवायला समितीने काय करावं, हा विषय. दुकानात सगळे होते: टेलरमास्तर, गिरणीवाला, शिकवणीवाल्या बाई, वायरमन, आणखी चारपाच जण. चहा फिरत होता. तेवढ्यात नर्सबाई दारात आल्या, हातात गल्लीची प्रथमोपचाराची पेटी. ती त्यांच्याकडे असायची, जाण्याआधी परत करायला आणली होती. कोणी बसा म्हटलं नाही. टेलरमास्तर नुसतं म्हणाले, "ठेवा तिथे मशीनवर."

काका उठून उभे राहिले.

"मला सांगायचंय," ते म्हणाले. "त्या उताराच्या तक्रारीला मी नर्सबाईंना विचारलं नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं. नंबर माझ्या घराचा होता. मी त्यांचं नाव दिलं."

टेलरमास्तरांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. "बसा काका," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या चालल्यात म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. समजतं आम्हाला."

"वाईट वाटतंय म्हणून नाही, झालंच तसं!"

"तुमचा स्वभावच तो," शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं स्वतःच्या अंगावर घ्यायचं. माझ्या एका होकारासाठी गल्ली अंधारात ठेवणारे तुम्ही, आणि न विचारता नाव द्याल?"

गिरणीवाल्याने मान डोलावली. वायरमन तर उठला आणि त्याने काकांचे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते. "काका, जाऊ द्या. झालं ते झालं. तुम्ही कशाला कमीपणा घेता? माझा आता कोणावर राग नाही. ताईंवरही नाही."

काकांना तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. कबुली दिली तर माणूस हलका होतो म्हणतात, इथे तर आणखी मोठेपणा बोकांडी बसत होता. आणि दारात नर्सबाई उभ्या होत्या. वायरमनने त्यांना माफ केलं होतं, न केलेल्या गोष्टीसाठी, काकांच्या कृपेने. त्या निमूटपणे वळल्या आणि चप्पल घालायला लागल्या.

"थांबा बाई!" काका ओरडले. चहाचे कप हलले असतील, इतक्या जोरात. "एक मिनिट थांबा. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी थांबा."

त्यांनी खिशातून फोन काढला. पालिकेचा तक्रारीचा नंबर लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि फोन कापायच्या टेबलावर ठेवला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्याच कोणी उचलला तर काय, या भीतीने काका टेबलावर वाकून उभे राहिले. मग तीच मुलगी आली. "तक्रार केंद्र, बोला."

काकांनी नाकातून आवाज काढला नाही, खोकले नाहीत. "हॅलो, मी बोलतोय."

"बोला काका!" ती मुलगी खुशीत म्हणाली. "आज कोणाचं नाव लावायचं?"

टेलरमास्तरांनी काकांकडे बघितलं.

"तुम्ही मला ओळखता?"

"म्हणजे काय! कॉलेजला जायचे तेव्हा रोज डेपोत तुमचाच आवाज ऐकायचे. नाक दाबून बोललात म्हणून काय झालं? इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे. साहेब म्हणतात, काकांची तक्रार आहे, खरीच असणार, पाठवा माणसं."

म्हणजे नावांची ती सगळी कसरत फुकटच होती. कोणाचंही नाव द्यायची कधी गरजच नव्हती. पण त्याचा विचार करायला काकांना आत्ता सवड नव्हती.

"त्या उताराची तक्रार आठवते तुम्हाला? आमच्या कोपऱ्यावरच्या घराची?"

"आठवते की. तुमचं नाव मी घालून पण ठेवलं होतं, आणि तुम्ही म्हणालात खोडा, शेजारच्या नर्सबाईंचं लिहा. सगळं पुन्हा भरावं लागलं मला." ती हसली. "त्यांना संध्याकाळी सांगतो म्हणाला होतात. का हो काका, त्या रागावल्या का?"

सगळ्यांच्या नजरा दारातल्या नर्सबाईंकडे वळल्या.

"हॅलो? काका? लाइनवर आहात ना?"

टेलरमास्तरांनी हात लांब करून फोन बंद केला. शिकवणीवाल्या बाई खाली बघत होत्या. काका बोलण्यासाठी तोंड उघडून उभे होते, पण आता सांगायचं काही उरलंच नव्हतं. वायरमनने मघाशी धरलेले हात कधी सोडले ते त्यांना कळलंही नव्हतं.

वायरमन दाराकडे गेला. "ताई," तो म्हणाला, आणि थांबला. मग म्हणाला, "आई रोज विचारते तुमचं. मी तिला खरं काही सांगितलं नाही. उतार पालिकेने पाडला म्हटलं, आणि तुम्हाला वेळ नसतो म्हटलं."

बाईंनी विचारलं, "पाय हलवतात का त्या?"

वायरमनने मान हलवली. नाही.

बाईंनी चप्पल घातली आणि त्या कोपऱ्याकडे चालायला लागल्या, भराभर. वायरमन मागे निघाला, आणि दुकानातून बाहेर पडताना वळून काकांना म्हणाला, "तुम्ही पण चला. आईला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार." त्याच्या बोलण्यात 'काका' नव्हतं.

उताराच्या जागी अजून फुटक्या सिमेंटचे तुकडे पडले होते. त्या तीन पायऱ्या चढताना काकांना कठडा धरावा लागला. आतल्या खोलीत आजी खिडकीपाशी खुर्चीत होत्या. बाई आधीच त्यांच्यापुढे खाली बसल्या होत्या, एका हाताने टाच धरून दुसऱ्याने गुडघा चाचपत होत्या. गुडघा थोडा सरळ व्हायचा आणि अडायचा. बाई पुन्हा प्रयत्न करायच्या, तो पुन्हा तिथेच अडायचा.

काकांनी सांगितलं. भिंतीशी उभं राहून, हळू आवाजात, डेपोतल्या इतक्या वर्षांत कधी बोलले नसतील इतक्या हळू. तक्रार आपण केली, नाव नर्सबाईंचं दिलं, त्यांना विचारलं नाही, आणि नंतर सगळ्यांसमोर खोटं बोललो. म्हणून त्यांना या घरात कोणी येऊ दिलं नाही.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी काकांकडे बघितलंही नाही. त्या खाली बाईंच्या डोक्याकडे बघत होत्या.

"म्हणजे तू माझ्यावर रागावली नव्हतीस?" आजींनी विचारलं.

बाईंनी वर बघितलं. "मी कशाला रागावू आजी?"

"शेवटच्या दिवशी मी तुला फार बोलले होते ना. पाय दुखत होता म्हणून. म्हटलं होतं, तुला स्वतःचं माणूस नाही म्हणून दुसऱ्याच्या आईला छळतेस." आजींचा आवाज चिरकला. "मला वाटलं, ते तुझ्या मनाला लागलं. म्हणून यायची बंद झालीस. रोज वाटायचं, कसं बोलून बसले मी. कोणाला सांगायलाही लाज वाटायची. मग वाटलं, नाही चाललं आपण तर नाही चाललं, तेवढी शिक्षा हवीच आपल्याला."

इतके दिवस गल्लीत कोणी बाईंना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी आजींच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि आजी त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. वायरमन दाराच्या चौकटीला धरून उभा होता. काका भिंतीशी उभे होते. त्यांना कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही कोणी म्हटलं नाही. थोड्या वेळाने बाईंनी डोळे पुसले, टाच पुन्हा हातात घेतली आणि म्हणाल्या, "दुखेल हं आजी. आता पहिल्यापेक्षा जास्त दुखेल."